कोब्राची प्रतिकृती घरी बांधायची तर

माझ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मी तीनदा बसवलं. एकदा चुकीचं, एकदा बरोबर, आणि एकदा रंगासाठी सगळं उघडल्यावर पुन्हा. त्या तिसऱ्या वेळी डोकं फिरलं होतं. आज विचाराल तर म्हणेन, गाडी तीनदा जोडायची असते हे पहिल्याच दिवशी मनाशी धरलं असतं तर निम्मी चिडचिड टळली असती. आधी कच्ची जोडणी, मग बॉडी न चढवता चालवून पाहणं, मग सगळं उघडून रंग आणि पक्की जोडणी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

उदाहरण कोब्राचं घेतलंय, कारण मी तीच बांधली. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी ए.सी. या ब्रिटिश कंपनीच्या ‘एस’ नावाच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. १९६५ मध्ये तिला ४२७ घनइंचाचं, म्हणजे ७ लिटरचं इंजिन मिळालं. त्यासाठी चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, नळ्या जाड केल्या आणि सस्पेन्शनमध्ये आडव्या स्प्रिंगपाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. मूळ गाड्या सुमारे हजारच निघाल्या, त्यामुळे रस्त्यावर दिसणारी कोब्रा बहुधा प्रतिकृतीच असते. चासी म्हणजे मुळात दोन समांतर नळ्या आणि वर बॉडी. इतका साधा सांगाडा असल्यामुळेच ती घरी बांधता येते.

पण साधी म्हणजे गरीब नव्हे. वजन हजार-अकराशे किलो, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २२८६ मिलिमीटर, इंजिन तीनशे-साडेतीनशे अश्वशक्तीचं, आणि चाक घसरलं तर सावरणारी कुठलीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगवर मी पुढे जरा जास्तच बोललोय, ते यासाठी.

१. आधी कागद, मग पाना

तुम्ही राहता तिथे घरी बांधलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवता येते का, हे किटचे, म्हणजे चासी, बॉडी आणि सुट्या भागांच्या संचाचे, पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. काही ठिकाणी येतच नाही, आणि तशी गाडी फक्त बंदिस्त ट्रॅकवर चालवावी लागते. जिथे येते तिथेही नियमांचा परिणाम थेट जोडणीवर होतो. ब्रिटनमध्ये अशा गाडीला आय.व्ही.ए. नावाची तपासणी द्यावी लागते. त्यात हात लागेल अशा बाहेरच्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर लागते, म्हणजे शोभेचा आरसा किंवा पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा तपासूनच घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना धुराच्या नियमांतून सवलत देणारे दाखले वर्षाला ५००च निघतात. इंजिन निवडून बसवल्यावर हे कळलं तर हात चोळत बसावं लागतं.

पहिल्या दिवसापासून एक फाईल ठेवा. तिच्यात हवं ते हे:

– किटचं बिल आणि चासी क्रमांकाचा दाखला
– इंजिन व गिअरबॉक्सची बिलं, त्यांच्यावर कोरलेल्या क्रमांकांसह
– जुन्या गाडीचे सुटे भाग वापरत असाल तर त्या गाडीचे मालकीचे कागद
– ब्रेक, सीटबेल्ट, दिवे, काचा यांच्या पावत्या आणि त्यांच्यावरच्या मानांकनाच्या खुणांचे फोटो
– प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो, ज्यांत गाडी आणि तुम्ही दोघंही दिसाल

शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. गाडी खरोखर तुम्हीच बांधलीत याचा पुरावा काही ठिकाणी मागतात. आणि कागदावर तिला ‘प्रतिकृती’च म्हणा. मूळ गाडीचं नाव आणि साल लिहिण्याचा मोह विम्याच्या वेळी अंगाशी येतो.

२. जागा आणि हत्यारं

गाडी चार मीटरच्या आतच आहे, पण जागा तेवढीच धरून चालणार नाही. बॉडी काढली की ती दुसऱ्या गाडीएवढी जागा खाते. मी चासीच्या वर बसेल इतकी उंच लाकडी घोडी बनवून तिला चाकं लावली. बॉडी वर आणि चासी खाली, असं महिनोन्महिने चाललं. छताची तुळई भक्कम असेल तर चार कप्प्यांवर टांगूनही ठेवता येते.

हत्यारांत कंजुषी करायची नाही अशा तीनच गोष्टी: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), चार भक्कम स्टँड आणि ब्रेकच्या नळ्यांची टोकं फुलवणारी चांगली फ्लेअरिंग किट. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता कधीही शिरू नका, एक बोल्ट बघायलासुद्धा. याशिवाय इंजिन उतरवायला क्रेन किंवा चेनकप्पी, तिच्यासोबत इंजिन तिरकं धरणारा लेव्हलर, सॉकेटचा पूर्ण संच, मल्टिमीटर, वायर दाबायचा चांगला क्रिंपर, रिव्हेट गन, आणि ३.२ मिलिमीटरचे ड्रिल बिट मूठभर. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना शेकडो भोकं पाडायची असतात आणि हे बिट काड्यांसारखे मोडतात. क्रेन मात्र विकत घेऊ नका, दोनदाच लागते.

अग्निशामक दाराजवळ टांगा, गाडीच्या मागे भिंतीवर नको. आग लागली तर तुम्ही दाराकडे पळणार.

३. इंजिनचा मोह

बहुतेकांचं इथंच ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ होतं. चासी यायच्या आत इंजिन घरात. मग कळतं, ऑइल पॅनचा खोल भाग पुढे आहे आणि चासीला तो मागे हवाय, किंवा एक्झॉस्टच्या नळ्या स्टिअरिंगच्या दांड्याला टेकताहेत. किट बनवणाऱ्याने कोणत्या इंजिनासाठी माउंट आणि एक्झॉस्ट दिलेत ते बघा आणि पहिल्या गाडीत तेच घ्या.

जुनं फोर्ड ३०२, म्हणजे ५ लिटरचं इंजिन, नवशिक्याला सर्वांत सोपं. लहान, तुलनेने हलकं, कार्ब्युरेटरवर चालणारं, वायरिंग जवळजवळ नाहीच. फोर्डचंच नवीन ‘कोयोटी’ इंजिन ताकदवान आहे, पण डोक्याला रुंद आहे आणि त्याच्याबरोबर संगणक, सेन्सर, जास्त दाबाचा पेट्रोलपंप हे सगळं वऱ्हाड येतं.

जुन्या ३०२ मध्ये दोन खाचखळगे आहेत. पहिला बॅलन्सचा. १९८१ पर्यंतच्या इंजिनांना फ्लायव्हील आणि पुढची पुली २८ औंस-इंचाच्या हिशोबाची लागते, नंतरच्यांना ५०. दोन्ही दिसायला सारख्या, एकमेकींच्या जागी बसतातही, आणि मग इंजिन असं थरथरतं की दात वाजावेत. दुसरा स्पार्कच्या क्रमाचा. साध्या ३०२ चा क्रम १-५-४-२-६-३-७-८, तर फोर्डच्याच मोठ्या ३५१ चा आणि नंतरच्या जास्त ताकदीच्या ५ लिटरचा १-३-७-२-६-५-४-८. हा क्रम ठरवते व्हॉल्व उघडणारी कॅमशाफ्ट, इंजिनचा ब्लॉक नव्हे. विकणाऱ्याने मला ‘साधं ३०२’ म्हणून दिलं होतं, आत मात्र आधीच्या मालकाने कॅम बदललेली. मी ब्लॉक पाहून तारा लावल्या आणि पहिल्या स्टार्टला कार्ब्युरेटरमधून असा भडका उडाला की भुवया गेल्या. कॅमवरचा नंबर माहीत नसेल तर रॉकर कव्हर उघडा, इंजिन हाताने फिरवा आणि व्हॉल्व कोणत्या क्रमाने उघडतात ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम.

४. मोजणी आणि कच्ची जोडणी

खोकी आली की आधी यादी घेऊन प्रत्येक पिशवी मोजा. काय आलं नाही हे आठ महिन्यांनी सांगितलं तर कोण ऐकणार? पिशव्यांवर जाड पेनाने नावं लिहा, सगळे बोल्ट एका डब्यात ओतू नका.

कच्च्या जोडणीत काहीही पूर्ण आवळायचं नाही, काहीही रंगवायचं नाही. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने नाही, तात्पुरत्या क्लिपांनी लावायचे. मी हौसेनं फूटबॉक्स, म्हणजे पेडलांभोवतीचा पत्र्याचा कप्पा, पहिल्याच आठवड्यात रिव्हेट मारून, सिलिकॉन भरून बंद केला. दोन महिन्यांनी क्लचची केबल ओवायला तोच ड्रिलने उघडावा लागला. पेडलं, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, हीटर असलाच तर तो, हे सगळं जागेवर बसेपर्यंत फूटबॉक्स उघडा ठेवा. आणि सीटवर बसून पाहा, तेही चालवताना घालणार त्याच बुटांत. कोब्रात पायांना जागा फारच कमी, रुंद बुटाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले जातात.

बोल्टची प्रतही याच वेळी समजून घ्या. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. इंचाच्या बोल्टवर डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांना बिनखुणेचा बोल्ट कधीच नाही. नायलॉनच्या नटांची पकड काढघाल केली की जाते, म्हणून पक्क्या जोडणीसाठी नवे ठेवा. एक्झॉस्टजवळ ते लावूच नका, नायलॉन वितळतं.

५. ब्रेक आणि स्टिअरिंग

इथे घाई नाही.

ब्रेकच्या नळीसाठी तांबं-निकेल मिश्रधातूची नळी घ्या. ती हाताने वळते आणि गंजत नाही. साधी तांब्याची नळी नको. नळीच्या टोकाला जो फुगा किंवा फ्लेअर काढायचा त्याचे प्रकार वेगवेगळे: ४५ अंशांचा दुहेरी, गोल बुडबुड्यासारखा, आणि रेसिंगच्या फिटिंगचा ३७ अंशांचा. तिन्ही एकमेकांत घुसल्यासारखे वाटतात, पण चुकीची जोडी झिरपतेच. नळी कापायच्या आधी नट त्यात ओवलाय का ते बघा. हे वाक्य वाचून तुम्ही हसाल, आणि तरीही एकदा विसरालच.

पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर नसेल तर पेडलच्या तरफेचं प्रमाण साधारण सहास एक असं हवं, नाहीतर पाय थकतो आणि गाडी थांबत नाही. पुढच्या आणि मागच्या ब्रेकना ऑइल ढकलणारे दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्सची दांडी असेल तर ती अशी लावा की पुढची चाकं मागच्यांच्या आधी आवळली जातील. मागची आधी आवळली तर इतक्या आखूड गाडीत शेपूट पुढे यायला क्षणही लागत नाही. हे रिकाम्या मोकळ्या जागेवर, कमी वेगात, कोणाला तरी बाहेरून चाकांकडे बघायला उभं करून तपासा.

ब्रेक ऑइल डॉट ४ घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ नाव सारखं असूनही वेगळं आहे, ते चालतं. उघडा राहिलेला डबा परत वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ साठी किमान मर्यादा कोरडं असताना २३० अंश, ओलावा शिरल्यावर १५५. रंगावर सांडलं तर रंग सुटतो, म्हणून हेही रंगाच्या आधी. मास्टर सिलिंडरमधली हवा तो बसवण्याआधी बाकावरच काढून घ्या, मग चाकांची, सर्वांत लांबच्या चाकापासून. पेडल जोरात दाबून दहा मिनिटं धरा आणि प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवा.

स्टिअरिंगच्या दांड्याचे क्रॉस, म्हणजे वळते सांधे, एकमेकांशी योग्य कोनात नसतील तर चाक फिरवताना हाताला कधी जड, कधी हलकं लागतं. त्यांचे छोटे स्क्रू ज्या जागी टेकतात तिथे दांड्यावर ड्रिलने खळगा करा, लॉकचं द्रव लावा, वरून लॉक नट. चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि दांडा एक्झॉस्टला कुठे टेकतो का बघा. इंजिन जोर लागला की माउंटवर हलतं, म्हणून बोटभर फट ठेवा.

प्रत्येक बोल्ट टॉर्कला आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ, अर्धी नटावर आणि अर्धी चासीवर. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. जिथे रेघ नाही तो बोल्ट आवळलेला नाही असंच समजायचं, तुम्हाला कितीही आठवत असलं तरी.

६. इंजिन, गिअरबॉक्स आणि आखूड शाफ्ट

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच, एकत्र उतरवा. बेलहाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेसारखं आवरण, बसवताना गिअरबॉक्स बोल्टने ओढून जवळ आणायचा नाही. हाताने सरकून बसला पाहिजे. बसत नसेल तर क्लचप्लेट मधोमध नाही. ओढलात तर गिअरबॉक्सचा कान तुटतो.

गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलला ताकद नेणारा कोब्राचा शाफ्ट फूटभरच असतो, त्यामुळे कोनांना फार महत्त्व. एकच क्रॉस कोनात चालला तर एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाला तेवढाच उलट कोन असेल तर हा चढउतार मारला जातो. म्हणून गिअरबॉक्सचा कोन आणि डिफरन्शियलचा कोन सारखे हवेत, फार तर अर्ध्या-एक अंशाचा फरक, आणि प्रत्येक क्रॉसचा कामाचा कोन एक ते तीन अंशांत. शून्य अंशही नको. तसं झालं तर क्रॉसमधल्या सुया जागच्या फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. हे मोजमाप गाडी चाकांवर उभी असताना, सीटवर माणसाएवढं वजन ठेवून. शाफ्टभोवती लोखंडी कडं बसवायला विसरू नका. शाफ्ट तुटला तर तो तुमच्या कमरेशेजारीच फिरत असतो.

७. पेट्रोल आणि वायरिंग

कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब ५ ते ७ पी.एस.आय. पुरतो, इंजेक्शनला पन्नासच्या आसपास लागतो. इंजेक्शनसाठी साधी रबरी नळी आणि साधा क्लिप वापरणं म्हणजे आगीला आमंत्रण. दोन्हींचा मालच वेगळा मिळतो. धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच लावा.

वायरिंगमध्ये सगळ्यांना छळणारी गोष्ट एकच, ती म्हणजे अर्थिंग. नेहमीच्या गाडीत बॉडी लोखंडाची असते, दिवा बॉडीला स्क्रूने बसवला की अर्थ मिळतो. तुमची बॉडी फायबरची आहे, तिच्यातून वीज जात नाही. प्रत्येक दिवा, हॉर्न, पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट, डॅशबोर्डवरचं प्रत्येक मीटर, सगळ्यांना चासीपर्यंत स्वतंत्र काळी वायर हवी. माझ्या गाडीत डावा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद व्हायचे आणि पेट्रोलचा काटा नाचायचा. दोन रविवार मी स्विच बदलत बसलो. दोष एका रंगवलेल्या बोल्टचा होता, वायसरखालचा रंग खरवडला नव्हता. इंजिन आणि चासी यांच्यामध्येही जाड पट्टी लागते, कारण इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. ती नसेल तर स्टार्टरची वीज क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल लाल होते.

८. पहिला स्टार्ट

गॅरेजचं दार पूर्ण उघडं, शक्यतो गाडी बाहेरच. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. मग क्रम असा: पंप चालू करून पेट्रोल कुठे झिरपतं का बघा. डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलला दांडा लावा आणि ऑइलपंप फिरवा, मीटरवर दाब दिसेपर्यंत. डिस्ट्रिब्युटरची जुनी दिशा आणि ड्रिल फिरवायची दिशा यांची आधी खात्री करून घ्या. कुलंट भरा, हवा काढा. शेजारी एक जण अग्निशामक हातात घेऊन उभा.

कॅमशाफ्ट सपाट टॅपेटची (टॅपेट म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व ढकलणारे दट्टे) आणि नवी असेल तर इंजिन सुरू झाल्याबरोबर मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास नेऊन वीसेक मिनिटं तिथेच खेळतं ठेवायचं, झिंक असलेल्या ऑइलवर. आयडलवर घुटमळत ठेवलं तर नव्या कॅमची नाकं घासून जातात. रोलर टॅपेटला ही कटकट नाही. मी मात्र पहिल्या दहा सेकंदांतच आनंदाने बंद केलं होतं, सगळ्यांना फोन करायला.

९. बॉडीशिवाय फेऱ्या

हा टप्पा गाळू नका. सीट, सीटबेल्ट, स्टँडवर बसवलेला डॅशबोर्ड आणि नुसती चासी. ट्रॅकवर किंवा खाजगी बंद रस्त्यावर, डोळ्यांना गॉगल लावून, कारण पुढची चाकं खडे थेट तोंडावर फेकतात. पन्नास-शंभर किलोमीटर फिरलात की झिरपणारं झिरपतं, सैल पडणारं सैल पडतं. परत येऊन पिवळ्या रेघा तपासा. माझ्या तेरा रेघा तुटल्या होत्या.

टायर जुने असतील तर बाजूवर चार आकड्यांचा कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी दहा वर्षांचं कडक रबर या ताकदीला धरत नाही.

१०. बॉडी आणि रंग

साच्याच्या जोडाच्या उभ्या रेषा बॉडीवर दिसतात, त्या घासून, खोलगट करून, नव्याने भरून घ्याव्या लागतात. नुसती वरून लांबी लावली तर वर्षभरात रेषा रंगातून पुन्हा वर येते. बॉडी काही आठवडे उन्हात ठेवून पक्की होऊ द्या, मगच रंग. दारं, बोनेट, डिकी यांच्या फटी बॉडी चासीवर बसवून, गाडी चाकांवर उभी असतानाच सारख्या करा. घोडीवर जुळवलेल्या फटी चासीवर जुळत नाहीत. घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही, फिल्टरचा लावा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. फायबरची कुसळं अंगात शिरली की तीन दिवस झोप नाही.

शेवटचा रंग मी व्यावसायिकाकडून करून घेतला, त्याची लाज वाटत नाही.

११. पक्की जोडणी आणि तपासणी

आता तेच सगळं पुन्हा, नव्या नटांनी, नव्या पिवळ्या रेघांनी. मग अलाइनमेंट, टाकीत अर्धं पेट्रोल आणि चालकाएवढं वजन सीटवर ठेवून. तपासणीला जाताना फाईल, सुटे फ्यूज, पाने आणि काळी चिकटपट्टी सोबत ठेवा. तपासणारे बहुतेक वेळा एखादी क्षुल्लक गोष्ट काढतातच, जागेवर दुरुस्त करता आली तर दुसरी फेरी वाचते.

रस्त्यावर आल्यावर पहिले हजार किलोमीटर चाकांचे नट दर प्रवासाआधी तपासा, समोरासमोरच्या जोड्यांनी. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही ॲक्सिलरेटर हळू. आणि कोणाला फिरवून आणलंत तर दार उघडायच्या आधी सांगा: एक्झॉस्टची नळी दाराच्या बरोबर खाली आहे, पाय लांब टाकून उतरा. माझ्या डाव्या पोटरीवर तिचा डाग अजून आहे, आणि ती गाडी मीच बांधली होती.